सेहेचाळीस हाडं, चोवीस मेंढ्या

९ सप्टेंबर २००७

बाबा,

उन्हाळी गवत जनावरांना मानवलं का? मेंढ्यांच्या शेपट्या जाड झाल्या का? तुम्ही अजून नदीकाठीच असाल, महिन्याभरात हिवाळी तळावर जाल, असं धरून हे पत्र साम्बू आजोबांजवळ देते आहे.

तुमच्या कानावर आलंच असेल, मी परत आले. राजधानीत एका शाळेत जागा मिळत होती, ती घेतली नाही. आपल्याच गावच्या शाळेत पहिलीचा वर्ग मागून घेतला. मुख्याध्यापिका चिमेदबाई म्हणाल्या, "शिकून मोठी झालीस आणि इथं थंडीत मरायला परत आलीस होय गं तुया?" पण वर्ग दिला.

एकोणीस मुलं आहेत. त्यातली अकरा तुमच्यासारख्या मेंढपाळांची, वसतिगृहात राहणारी. माझं म्हणणं असं आहे, की सात वर्षांच्या मुलाला पाच म्हणजे काय ते फळ्यावर लिहून कळत नाही. पाच दगड उचलावे लागतात, त्यातला एक खाली पडावा लागतो, तो शोधून आणावा लागतो. गणित आधी हाताला कळतं, मग डोक्यात जातं. कॉलेजात मी यावरच निबंध लिहिला होता आणि तो सरांनी वर्गात वाचून दाखवला. बढाई मारायची म्हणून लिहीत नाही. थोडी आहे, असू दे. आपल्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे सांगायला माझ्याजवळ तुमच्याखेरीज कुणी नाही.

शाळेनं मोजायला प्लास्टिकच्या चकत्यांची पेटी दिली आहे. मुलं त्यांना हात लावत नाहीत. गार लागतात, आणि त्या कशाच्याच नाहीत. मला आईची शगायची, घोट्याच्या हाडांची, पिशवी हवी आहे. शंभरापर्यंत मोजायला आईनं मला त्याच हाडांवर शिकवलं. मेंढी कापली की मागच्या पायांच्या घोट्यांची दोन हाडं ती उकळून, घासून, पिशवीत टाकायची. प्रत्येक हाडाची एक बाजू घोडा, एक उंट, एक मेंढी, एक बकरी. ती हाडं माझ्या वर्गातल्या प्रत्येक मुलाच्या हाताला ओळखीची असतील.

आणि एका मुलीसाठी मला ती फारच हवी आहेत. साम्बू आजोबांची नात सोलोंगो माझ्या वर्गात आहे. तुमच्याच तळावर, तुमच्या डोळ्यांसमोर वाढलेली. मी विचारलं, "तुझ्या बाकावर किती मुलं आहेत?" तर म्हणाली, "दोर्ज, बोलोर आणि तो शेंबडा." मी म्हटलं, "म्हणजे किती?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मलाच काही समजत नसावं. म्हणाली, "सगळी आहेत."

कशालाही हेच उत्तर. सगळी आहेत. चिमेदबाईंनी सांगून ठेवलंय, जानेवारीअखेर त्या स्वतः पहिलीची परीक्षा घेणार. जिला वीसपर्यंत मोजता येणार नाही तिला घरी पाठवणार, पुढच्या वर्षी बघू म्हणून. पुढच्या वर्षी कुणी परत आलेलं मी पाहिलेलं नाही. घरी गेलेली मुलगी पाणी आणते, गोवऱ्या गोळा करते आणि तिथंच राहते.

पिशवी पाठवा.

तुमची,
ऊरिंतुया


२१ ऑक्टोबर २००७

बाबा,

साम्बू आजोबा येऊन गेले. पत्र नाही, पिशवी नाही. त्यांनी नातीसाठी वाळवलेल्या दह्याचे खडे आणले होते. मी त्यातले निम्मे वर्गासाठी मागून घेतले आणि वजाबाकी शिकवायला बसले. सात खडे मांडले, दोन काढले, विचारलं, किती उरले? शेंबड्या म्हणाला, "बाई, पाच." बोलोर म्हणाली, "बाई, चार." मी म्हटलं, नीट बघ. ती म्हणाली, "नीटच बघितलं. त्याच्या तोंडात बघा." असा तास गेला. सोलोंगो तेवढी हसली नाही. तिनं उरलेले खडे पालथे करून पाहिले आणि म्हणाली, "हे आमच्या आजीचे नाहीत. आजीच्या बोटांचे ठसे असे नसतात. हे शेजारच्या तळावरून आणलेत." आजोबांना विचारलं तर खरंच तसं निघालं.

अशी मुलगी मठ्ठ असेल का?

मग मी आजोबांना बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या घरी हिच्यासमोर कुणी कधी काही मोजत नाही का?"

आजोबांनी तपकिरीची बाटली काढली, हुंगली, परत ठेवली. म्हणाले, "पोरी, तुला माहीत नाही होय?"

"काय?"

"तुझ्या बापानं त्या हिवाळ्यापासून कळप मोजणं सोडलंय. म्हणाला, आकड्याला काय कळतं जनावर. आमचा त्याचा कळप एकाच कुंपणात, एकाच वाडग्यात, मग आम्हीही सोडलं. आता रोज संध्याकाळी वाडग्याच्या तोंडाशी उभे राहतो न् एकेकीचं तोंड बघतो. ही पोर दुसरं काही ऐकतच वाढली नाही."

 मग त्यांनी तुमचं वाक्य तसंच्या तसं म्हणून दाखवलं: शाळेनं पोरीला आकडे दिले आणि डोळे काढून घेतले. मी म्हटलं, मला ते ठाऊक आहे, ते माझ्यासमोरच म्हटलं होतं. आजोबा म्हणाले, "मग हिला कशाला ठेवू मी इथं? पोरीची नजर चांगली आहे. नव्या वर्षाच्या सणाला घरी नेईन ती नेईन. परत आणायची का नाही, ते तुझ्या बापाला, झुंदुईला विचारीन. त्याचा शब्द मी मोडत नाही."

म्हणजे जानेवारीत ती चिमेदबाईंकडून सुटली तरी फेब्रुवारीत तुमच्याकडून सुटायला हवी.

तुम्ही माझ्याशी बोलू नका हवं तर. ऑगस्टमधल्या ज्या दिवशी मी कॉलेजला निघाले, त्या दिवशी तुम्ही घोड्यांकडे निघून गेलात, तेव्हापासूनची मला सवय आहे. पण त्या हिवाळ्याचं या मुलीशी काय देणंघेणं? तेव्हा ती पाळण्यात होती.

पिशवी एवढी पाठवा.

तुया


१८ नोव्हेंबर २००७

बाबा,

पिशवी मिळाली.

आईची मोठी पिशवी नाही हे बघताक्षणी कळलं. तिच्यात दोनशेच्या वर होती. तुम्ही नव्या कापडात बांधून थोडीच पाठवलीत, चिठ्ठी न घालता. मोजली. सेहेचाळीस. आभारी आहे.

वर्गाचं रूप पालटलं आहे. जमिनीवर वीस हाडांची ओळ मांडतो, तो शर्यतीचा रस्ता. चार हाडं फेकायची, जेवढी घोडा पडतील तेवढी घरं आपला घोडा पुढे. मुलं गुडघ्यांवर येऊन ओरडतात, "तीन घोडे! तीन!" मग मुठींचा खेळ. दोघांनी मुठीत हाडं लपवायची, दोन्ही मुठी मिळून किती ते ओळखायचं. दोर्जला बेरीज येत नाही असं मी लिहून ठेवलं होतं, त्यानं मलाच सलग चार वेळा हरवलं आणि म्हणाला, "बाई, तुमचा चेहरा सांगतो."

चिमेदबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "वर्ग आहे का जत्रा?" मग हळूच म्हणाल्या, "खोलगट बाजू वर पडलेली ती उंट आहे, घोडा नव्हे. तुझा निकाल चुकला." त्याही मेंढपाळाच्याच पोटच्या.

सोलोंगो खेळत नाही. खिडकीशी बसते. सगळे गेले की हाडं पुढ्यात घेते आणि लावत बसते, दोन दोन. मी लांबून बघते.

तुया


१६ डिसेंबर २००७

बाबा,

आज एक चूक केली, ती तुम्हालाच सांगायला हवी.

एका मेंढीला अशी दोनच हाडं असतात, एक डावं, एक उजवं. महिनाभर सोलोंगो एवढंच करत होती. कुठल्या डाव्याचं कुठलं उजवं, हे ती रंगावरून, झिजेवरून, हातातल्या वजनावरून ओळखते. हे समजल्यावर मला आनंद झाला. दोनच्या पाढ्याची वाट सापडली म्हणून तिच्याजवळ बसले. एक जोडी उचलून म्हटलं, दोन. दुसरी ठेवली, चार. ती माझ्यामागून म्हणू लागली. दोन, चार, सहा. बाबा, तिनं मोजलं! वीस ओलांडून चव्वेचाळीसपर्यंत, माझं बोट धरून. पाच वेळा म्हणायला लावलं. पाचव्यांदा बोट सोडलं तरी तिचं चालू होतं.

चव्वेचाळीसला ती थांबली. पुढ्यात दोन हाडं उरली होती. मी म्हटलं, "म्हण ना, सेहेचाळीस. तेवीस जोड्या. तेवीस मेंढ्या."

ती म्हणाली, "नाही."

"सेहेचाळीस म्हणजे तेवीस जोड्याच होतात, सोलोंगो."

"नाही बाई. या दोघी एकमेकींच्या नाहीत. चोवीस मेंढ्या आहेत."

मी फळ्याकडे गेले. फळ्यावर लिहून दाखवलं. आयुष्यभर फळ्याच्या विरोधात निबंध लिहिणारी मी! म्हटलं, "एक डावं आहे, एक उजवं आहे, संख्या बरोबर आहे. उगाच हट्ट करायचा नाही." तिनं मान खाली घातली. मग अगदी हळू म्हणाली, "ही लंगडी होती."

मी ते हाड हातात घेतलं. उंटाच्या बाजूला एक गाठ आहे, हाडावर हाड वाढल्यासारखी. दुसरं लहान आहे, बाजू धारदार, कमी वयाच्या मेंढीचं.

मी हे दोन पाय ओळखते. काळ्या तोंडाची लंगडी, आणि तिच्यामागून सतत फिरणारी ती निळसर तरणी मेंढी. आईनं शोधून आणल्या त्या दोघी.

त्यांची दुसरी दोन हाडं तुमच्याजवळ आहेत. तुमच्या हातून चुकून असं होत नाही. पत्र नाही म्हणून मी महिनाभर रुसले होते, आणि पत्र माझ्या वर्गात जमिनीवर पडलं होतं. ते वाचलं एका मुलीनं, जिला मोजता येत नाही.

सोलोंगोला मी म्हटलं, "माझं चुकलं. चोवीस." ती म्हणाली, "हं." आणि वाळवलेलं दही चोखत निघून गेली.

पुढचं आज लिहवत नाही.

तुया


६ जानेवारी २००८

बाबा,

हे पत्र मी कदाचित पाठवणार नाही. लिहून तरी ठेवते.

त्या हिवाळ्यात मी सतरा वर्षांची होते, सणासाठी घरी आले होते. बर्फाखाली गवत गाडलं गेलं होतं आणि जनावरं उभ्या उभ्या मरत होती, तरी आपली टिकली होती. दुपारी वारा सुटला. तुम्ही घोड्यांकडे गेला होतात. आईनं मला कळप आत घ्यायला पाठवलं. पलीकडच्या तळाचा कळपही वाऱ्यापुढे आपल्या खिंडीपर्यंत आला होता, दोन्ही कळप एकमेकांत घुसले, मी ओरडून ओरडून आपले वेगळे केले. वाडग्याच्या तोंडाशी उभी राहून मोजले. एकशे सत्त्याऐंशी. जेवढे असायला हवेत तेवढे. आत येऊन आईला म्हटलं, "सगळी आहेत."

एवढं तुम्हाला माहीत आहे. दोन परक्या आत आल्या होत्या, आपल्या दोन त्यांच्याबरोबर गेल्या होत्या, आणि आकडा बरोबर आला म्हणून मला कळलं नाही. असंच मी सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, शाळेनं डोळे काढून घेतले. मी ऐकून घेतलं. सहा वर्षं सगळ्यांना तेच सांगत आले आहे. राजधानीत मैत्रिणींनाही सांगितलं, थोडं हसून, की बघा, गणितानं मला कसं फसवलं.

ते खोटं आहे.

मला दिसलं होतं. दोन पाठींवर लाल रंगाची खूण होती. आपल्या मेंढ्यांना आपण रंग लावत नाही. मी ती खूण बघितली, आणि माझे पाय गोठले होते, आणि आकडा बरोबर होता. मी मनाशी म्हटलं, आकडा बरोबर आहे ना, मग झालं. वाडग्याचं दार लावलं.

तुम्ही आलात, काही न बोलता दोन वाट्या चहा प्यायलात. मी तुमच्यासमोर बसले होते. तेव्हाही बोलता आलं असतं. मग आई गोवऱ्या आणायला बाहेर गेली आणि आत आलीच नाही. वाडग्यात डोकावली असेल, काळतोंडी दिसली नसेल, तशीच गेली असेल. दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर ती दोघींना हाकत आली. तिचा आवाज गेला होता. छातीत जे बसलं ते उतरलंच नाही. मे महिन्यात गेली.

शाळेनं माझे डोळे काढून घेतले नव्हते. माझे डोळे शाबूत होते. आकड्याच्या आड मी लपले. कुणी आकड्याच्या आड लपलं तर त्यात आकड्याचा काय दोष?

म्हणून या मुलीची शिक्षा रद्द करा. तुम्ही मोजणं सोडलंत, त्यामुळे ती एक-दोन-तीन न ऐकता वाढली, आणि आता त्याच कारणासाठी शाळेतून जाणार. दोष माझा आहे, तो माझ्याकडे राहू द्या.

ऊरिंतुया


१ फेब्रुवारी २००८

बाबा,

परीक्षा काल झाली. कशी झाली ते सविस्तर लिहिते, कारण आजोबा तुम्हाला विचारतील तेव्हा तुमच्याजवळ खरी माहिती असावी.

चिमेदबाई टेबलामागे बसल्या. एकेक मूल आत. सोलोंगो शेवटची. वसतिगृहातल्या दोल्गोरमावशींनी तिच्या वेण्या इतक्या घट्ट घातल्या होत्या की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. तिच्यासमोर प्लास्टिकच्या चकत्या टाकल्या. "किती?"

सोलोंगोनं चकत्यांना हात लावला नाही.

"मोज बघू."

तिनं हात मागे घेतले. मी कोपऱ्यात उभी होते, मला बोलायची परवानगी नव्हती. चिमेदबाईंनी पेन उचललं. मी बोलले. म्हटलं, "बाई, हाडांवर विचारा. एकदाच."

"राजधानीची मुलं हाडांवर परीक्षा देतात का गं?"

"राजधानीच्या मुलांचा चकत्यांशी परिचय असतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. मी पिशवी दिली; ती रोज सोलोंगोच जोडीजोडीनं भरते, उरलेली दोन सगळ्यांत वर. त्यांनी आत हात घालून वरची मूठभर काढली आणि टेबलावर सोडली. सोलोंगो लगेच पुढे सरकली. तिच्या हातांनी त्यांची रांग लावली आणि ती म्हणाली, "दोन, चार, सहा, आठ."

 चिमेदबाई म्हणाल्या, "हं. पाठ केलंय. मग सांग, आठ हाडं, तर मेंढ्या किती?"

मला दिसलं, बाबा. त्या मुठीत काळतोंडीचं गाठीचं हाड होतं आणि निळसरचं लहानही होतं. सगळ्यांत वर ठेवलेली तीच दोन आधी हाताला आली होती. उत्तर चार यायला हवं होतं आणि सोलोंगो चार म्हणणार नव्हती.

"पाच," ती म्हणाली.

"चूक."

"पाच, बाई."

"आठाचे निम्मे पाच होतात का?" पेन कागदावर टेकलं.

मी दीड महिन्यापूर्वी जे केलं तेच त्या करत होत्या. मी म्हटलं, "तिला कारण विचारा. मी चूक म्हटलं होतं आणि मीच चुकले होते."

चिमेदबाईंनी पेन बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "बोल. का पाच?"

सोलोंगोनं तीन जोड्या एकीकडे केल्या. दोन हाडं वेगळी ठेवली, एकमेकांपासून लांब. "या तिघी आल्यात. हिचा एकच पाय आलाय. हिचाही एकच. ही म्हातारी होती, लंगडायची. ही पोरगी. त्यांचे दुसरे पाय घरी आहेत."

चिमेदबाईंनी चष्मा काढला. दोन्ही हाडं तळहातावर घेतली, अंगठा गाठीवरून फिरवला, वजन केल्यासारखी वर-खाली केली. पन्नाशीची ती बाई, सबंध शाळा जिला टरकून असते, आमच्यासमोर हाडं कानाजवळ नेऊन एकमेकांवर वाजवून बघत होती.

"खरं आहे," म्हणाल्या. "माझा प्रश्न चुकला." मग चष्मा घालून, पुन्हा कडक आवाजात, "पण चार जोड्या असत्या तर किती मेंढ्या असत्या?"

"चार. पण नाहीयेत ना."

"नाहीयेत, कळलं मला! फाजीलपणा नको. वीसपर्यंत म्हण."

ती चव्वेचाळीसपर्यंत म्हणाली. मग माझ्याकडे बघून, थोडी थांबून, सेहेचाळीस म्हणाली. चिमेदबाईंनी कागदावर काय लिहिलं ते मी वाचलं: ठेवावी.

माझी बाजू संपली. आता तुमची. उद्या साम्बू आजोबा तिला सणासाठी घेऊन जातील. तिच्या अंगरख्याच्या आत छातीशी मी दोन पत्रं ठेवते आहे, हे आणि सहा जानेवारीचं. सहा जानेवारीचं आधी वाचा. वाचल्यावर तुम्ही माझं तोंड बघणार नाही असं वाटलं तर तेही कबूल आहे. फक्त आजोबांनी विचारलं तर या मुलीला परत पाठवा म्हणा.

सोबत निळसर मेंढीचं लहान हाड परत पाठवते आहे. तिची जोडी तुमच्याजवळ पुरी होऊ दे. काळतोंडीचं ठेवून घेतलंय. ती मला लागणार आहे.

नव्या वर्षाचा नमस्कार. तुमच्या दोन्ही कोपरांखाली हात धरून करायचा, तो इथूनच करते.

तुया


१७ फेब्रुवारी २००८

बाबा,

शाळा काल उघडली. सकाळपासून मी फाटकाशी होते, दोल्गोरमावशी दोनदा ओरडून गेल्या, "आत ये, नाक गळून पडेल तुझं." जेवणाच्या सुमाराला साम्बू आजोबांची मोटारसायकल आली. पुढे आजोबा, मागे मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेलं गाठोडं. गाठोड्याला दोन वेण्या होत्या.

आजोबा म्हणाले, "तुझ्या बापानं आण म्हटलं, आणली." आणि शेकायला स्वयंपाकघरात निघून गेले.

सोलोंगोनं अंगरख्यात हात घालून एक पुरचुंडी दिली आणि सरळ उभी राहून पाठ केलेलं म्हणून दाखवलं. तसंच लिहिते.

"झुंदुई आजोबा म्हणाले, बाईंना सांग, मी वाडग्यावरून आत आलो तेव्हा मलाही दोन लाल पाठी दिसल्या होत्या. घोडा दमला होता. उद्या बघू म्हटलं, आणि चहा प्यायला बसलो."

मी म्हटलं, "अजून काय म्हणाले?"

"काही नाही. मग मला चीज दिलं."

"आणखी एकदा सांग."

तिनं सांगितलं. एक शब्दही इकडचा तिकडे नाही. मग म्हणाली, "बाई, तुमच्या डोळ्यांतलं गोठेल. पुसा."

बाबा, त्या दोन वाट्या. मला वाटायचं, तुम्हाला काहीच माहीत नव्हतं म्हणून तुम्ही शांत बसून चहा पीत होतात, आणि मला माहीत असून मी बसले होते. आपण दोघं समोरासमोर बसलो होतो, दोघांनाही माहीत होतं, आणि आई गोवऱ्या आणायला उठली. ते डोळे काढून घेतल्याचं वाक्य तुम्ही कुणाला म्हणत होतात, ते आज कळलं. मला राग येईल असं वाटलं होतं. थोडा आलाही. सहा वर्षं तुम्ही मला ते एकटीला वाहू दिलंत. पण मीही तुम्हाला एकट्यालाच वाहू दिलं.

पुरचुंडीत काळतोंडीचं दुसरं हाड होतं. वर्गात जाऊन जमिनीवर मांडलं. सोलोंगोनं दोन्ही जुळवून बघितलं आणि मान हलवली. आली, म्हणाली.

मग तिनं जे सांगितलं ते मी चिमेदबाईंना बोलावून पुन्हा सांगायला लावलं. तुम्ही म्हणे सणाच्या तिसऱ्या दिवशी वाडग्याच्या तोंडाशी उभे राहिलात आणि तिला शेजारी उभं केलंत. तुम्ही एकेकीचं नाव घ्यायचं, तिनं आकडा म्हणायचा. "शंभरापर्यंत झुंदुई आजोबांनी म्हणवून घेतलं, त्यापुढे मला येत नाही," ती म्हणाली. "म्हणून शंभर झाले की एक हाड खिशात टाकायचं न् पुन्हा एकपासून सुरू करायचं. शेवटी खिशात दोन होती, आणि वर चौदा."

शंभराचा गठ्ठा करायचा, हे मी अजून वर्गात शिकवलेलं नाही. पुढच्या वर्षीचा धडा आहे तो. चिमेदबाईंनी विचारलं, "तुला कुणी शिकवलं हे?" तर म्हणाली, "कुणी नाही. बोटं संपली."

"आणि सगळी होती?" मी विचारलं.

"दोनशे चौदा. आणि सगळी आपलीच."

आजपासून माझ्या वर्गात आधी बघायचं, मग मोजायचं. फळ्याच्या वर तसं लिहिलं आहे. शेंबड्यानं विचारलं, "आणि मोजून झाल्यावर?" सोलोंगोनंच उत्तर दिलं, "परत बघायचं."

पिलांचा हंगाम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल ना? तेव्हा शाळेला दहा दिवस सुट्टी आहे. साम्बू आजोबांच्या मागे बसून येईन. चूल पेटवता येते अजून, पिलांना बाटलीनं दूध पाजता येतं. तुम्ही नावं घ्या, मी मोजेन. चुकले तर तिथल्या तिथं सांगा, मीही सांगेन.

या पत्रासोबत काही पाठवत नाही. काळतोंडीची जोडी मी स्वतः घेऊन येते आहे. निळसरची तुमच्याजवळ आहेच. आईच्या मोठ्या पिशवीत चारही हाडं एकत्र टाकू.

तुमची,
तुया